नोंदवहीतला तिसरा रकाना

१९१६ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखक होते सनदी अधिकारी आर. व्ही. रसेल आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्यामुळे आष्टी-आर्वीकडच्या समाजाचा जुना तपशील हवा असेल तर आजही हा ग्रंथ उघडावा लागतो. कुणबी, तेली, महार, गोंड यांच्यावर त्यात पानेच्या पाने आहेत. तिसऱ्या खंडात 'हिजडा, खसुआ' या नावाची एक लहानशी नोंद आहे.

या लोकांचे एक वेगळे मंडळ असते, ते बायकांची वस्त्रे व नावे धारण करतात, लग्नात आणि मुलगा झाल्यावर नाचतात-गातात, पेरणीच्या व सुगीच्या वेळी शेतकऱ्यांकडून धान्य घेतात, असे ती नोंद सांगते. त्यातच एक वाक्य असे येते की वाचणाऱ्याने थांबावे. सागर जिल्ह्यात लोक दोन शब्द वेगळे वापरतात. खसुआ म्हणजे जन्मतःच तसे असलेले आणि हिजडे म्हणजे मागाहून झालेले. आणि खसुआ म्हणतात की आम्ही हिजड्यांना आमच्यात घेत नाही. भेद नोंदवला, पण मथळा एकच ठेवला. दोघांसाठी इंग्रजीतला 'युनक' हा एकच शब्द वापरून लेखक पुढच्या जातीकडे वळले.

सागरच्या लोकांचा भेद काटेकोर नव्हता, पण त्यांना काहीतरी जाणवले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर येथे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली शरीराची. काही बाळांची गुणसूत्रे, जननग्रंथी किंवा बाह्य अवयव स्त्री किंवा पुरुष या ठरावीक नमुन्यात पूर्णपणे बसत नाहीत. अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात. दुसरी स्वतःच्या जाणिवेची. जन्मनोंदीत लिहिलेले लिंग आणि मनातली स्वतःची ओळख जुळत नाही, त्या व्यक्तींना पारलिंगी म्हणतात. त्यांचे शरीर बहुतेक वेळा अगदी नेहमीसारखेच असते. तिसरी गोष्ट समाजरचनेची. हिजडा हा गुरू-चेल्यांची परंपरा, घराणी आणि रीतिरिवाज असलेला समाज आहे. त्यात पारलिंगी व्यक्ती असतात, थोड्या आंतरलिंगीही असतात. पण सगळ्या पारलिंगी व्यक्ती त्या समाजात नसतात आणि आंतरलिंगी तर बहुतेक नसतातच. या तिन्हींना एका शब्दात कोंबण्याची सवय आपल्याला कधी लागली, याचा इतिहास पाहिला तर तो बराचसा सरकारी कागदांचा इतिहास निघतो.

मराठ्यांच्या राज्यातल्या कागदांवर लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ साली एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला. त्यातून दिसते की दख्खनमध्ये काही हिजड्यांना ठरावीक मुलखात भिक्षा मागण्याचा हक्क होता, काहींना रोख नेमणूक किंवा थोडी जमीनही होती, आणि राज्यकर्ते ते हक्क मान्य करीत. हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. म्हणजे पाटील, कुलकर्णी, जोशी यांचे हक्क ज्या व्यवस्थेत होते त्याच व्यवस्थेत, तळाशी का होईना, यांचीही जागा होती. ते दिवस सुखाचे होते असा याचा अर्थ नाही. भीक मागण्याचा हक्क हा शेवटी भीक मागण्याचाच हक्क. पण राज्याच्या दृष्टीने ते हक्कदार होते, गुन्हेगार नव्हते. फरक आहे तो हा.

इंग्रज आले तेव्हा जुने हक्क चालू ठेवायचे की बंद करायचे, हा प्रश्न प्रत्येक वतनाबाबत आला. कलेक्टरांना या हक्काचे काय करावे ते कळेना. १८५२च्या मुंबई इलाख्यातील अकराव्या कायद्यात अखेर अशी तरतूद होती की जे हक्क मान्य केल्याने देशाच्या कायद्याचा किंवा सार्वजनिक सभ्यतेचा भंग होईल, ते चालू ठेवण्याचे बंधन सरकारवर नाही. 'सार्वजनिक सभ्यता' हा शब्दप्रयोग येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणी काय केले याच्याशी त्याचा संबंध नाही. कोण कसे दिसते याच्याशी आहे.

उत्तरेत याहून कडक पाऊल पडले. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी, कैकाडी इत्यादी समाजांच्या छळामुळे माहीत असतो. त्याचा दुसरा भाग 'युनक' लोकांसाठी होता, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. तो सुरुवातीला वायव्य प्रांत, अवध व पंजाब येथे लागू झाला. मुले पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा अनैसर्गिक संभोग यांचा संशय असलेल्यांची नोंदवही ठेवायची होती. नोंद झालेली व्यक्ती बायकांच्या कपड्यांत किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसली, नाचली-गायली, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, मुलाचे पालक होता येत नसे. आता या कायद्याची व्याख्या पाहा. जो पुरुष स्वतः नपुंसक असल्याचे कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा उघड दिसतो, तो 'युनक'. म्हणजे ओळख कपड्यांवरून धरायची आणि सिद्ध शरीरावरून करायची. वायव्य प्रांतातल्या अधिकाऱ्यांचा हेतू हा समाज हळूहळू नाहीसा करण्याचा होता, हे जेसिका हिंची या इतिहासकार बाईंनी २०१९च्या आपल्या पुस्तकात सरकारी कागदांवरूनच दाखवले आहे.

१९११च्या नव्या गुन्हेगार जमाती कायद्यात हा भाग राहिला नाही. पण व्याख्या मेली नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १३२९ फसली, म्हणजे इसवी सन १९१९च्या सुमारास, जवळजवळ याच नमुन्याचा कायदा झाला. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तेलंगणाच्या कायदेपुस्तकात तो कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ राहिला आणि जुलै २०२३मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

तेव्हाच्या डॉक्टरांना तपासणीत काय दिसणार होते? गर्भात लिंग कसे घडते याचे ज्ञान मुळात विसाव्या शतकातले आहे. पहिले सुमारे सहा आठवडे गर्भाची जननग्रंथी कोणत्याही बाजूची नसते. दोन्ही प्रकारच्या नलिकांचे अंकुर प्रत्येक गर्भात असतात. १९४७ साली फ्रान्समधील आल्फ्रेड जोस्त यांनी सशाच्या गर्भातील जननग्रंथी काढून टाकल्या. गुणसूत्रे कोणतीही असोत, सर्व गर्भांत मादीच्याच नलिका वाढल्या. याचा अर्थ, वृषणांतून येणारे स्राव हे नराच्या बाजूचे काम करतात. वृषण घडवण्याची सुरुवात करणारे, वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक १९९० साली सापडले. म्हणजे ही एक साखळी आहे : जनुक, ग्रंथी, स्राव, स्राव ओळखणारे पेशींतले ग्राही, आणि शेवटी अवयव. साखळीतली कोणतीही कडी वेगळी असू शकते.

दोन उदाहरणे शिक्षकांनी माहीत करून घ्यावीत अशी आहेत. एका स्थितीत गुणसूत्रे एक्स-वाय असतात, पोटात वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होते, पण पेशींतला ग्राही त्याला दाद देत नाही. शरीर बाहेरून मुलीचे होते, ती मुलगी म्हणूनच वाढते, आणि बहुधा पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर हे कळते. ती नववी-दहावीच्या वर्गात बसलेली मुलगी आहे. तिला 'मुळात मुलगा निघाली' असे म्हणणे विज्ञानाच्याही दृष्टीने चूक आहे, कारण गुणसूत्र हे त्या साखळीचे एक टोक आहे, निकाल नव्हे. दुसऱ्या स्थितीत एक्स-एक्स बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीत एका विकराची कमतरता असते, त्यामुळे पुरुषी संप्रेरके जास्त होतात आणि बाह्य अवयव संदिग्ध दिसतात. अधिवृक्क ग्रंथीचा हा विकार साधारण १५,००० जन्मांमागे एका बाळात आढळतो, मग ते बाळ मुलगी असो की मुलगा. त्यांतल्या पुष्कळ बाळांच्या शरीरातले मीठ झपाट्याने कमी होते आणि पहिल्या काही आठवड्यांत औषध मिळाले नाही तर जीव जातो. लाजेपायी असे बाळ दवाखान्यात न नेणाऱ्या घरात ही लाज प्राणघातक ठरते.

आंतरलिंगी माणसे किती? अमेरिकेतील ॲन फॉस्टो-स्टर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १.७ टक्के हा आकडा मांडला. लिओनार्ड सॅक्स यांनी २००२ साली ०.०१८ टक्के. जवळजवळ शंभरपटीचा फरक! मोजणीत चूक नाही. व्याख्येत काय घ्यायचे यावर मतभेद आहे. व्याख्या बदलली की माणसांची संख्या बदलते, हे जनगणनेबाबतही पुढे दिसेल.

पारलिंगी ओळखीला मात्र अशी साखळी दाखवता येत नाही. रक्ताची किंवा जनुकाची कोणतीही चाचणी ती ठरवीत नाही. पण वाढवू तसे मूल घडते, असेही नाही. जॉन मनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका मुलाचे शिश्न सुंतेच्या वेळी जळून गेल्यावर त्याला मुलगी म्हणून वाढवण्याचा सल्ला दिला आणि प्रयोग यशस्वी झाल्याचे वर्षानुवर्षे लिहिले. १९९७ साली मिल्टन डायमंड व कीथ सिग्मंडसन यांनी सत्य उजेडात आणले. तो मुलगा लहानपणापासून ते मुलीपण नाकारीत होता आणि किशोरवयातच पुन्हा मुलगा म्हणून राहू लागला होता. दरम्यान मनींच्या भरवशावर जगभर आंतरलिंगी तान्ह्या बाळांच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना पायबंद घालण्याचे निर्देश दिले आणि तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी बंदी घातली. पारलिंगी असणे हा मानसिक आजार नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत मान्य झाले.

आता पुन्हा शब्दांकडे. 'नपुंसक' हा शब्द आपण व्याकरणाच्या तासाला बिनदिक्कत वापरतो आणि रस्त्यावर तोच शिवी म्हणून ऐकतो. शरीराच्या खुणांवरून शब्दाचे लिंग ठरवता येत नाही, कारण खाट आणि झाड यांना तशा खुणा नसूनही लिंग आहे, ही चर्चा पतंजलीने महाभाष्यात दोन हजार वर्षांपूर्वी केली आहे. ते मूल, ते पोरगं, ते लेकरू ही नपुसकलिंगी नावे आपण मायेने घेतो. माणसाच्या शरीराला किंवा ओळखीला मात्र हा शब्द लावू नये. तो १८७१च्या तपासणीचा शब्द आहे. 'उभयलिंगी' हा शब्द जीवशास्त्रात गांडुळाला शोभतो, कारण त्याच्यात दोन्ही बाजूंची कार्यक्षम इंद्रिये असतात. आंतरलिंगी माणसाचे तसे नसते. 'तृतीयपंथी' हा शब्द मला बरा वाटतो, त्यात शरीराचा उल्लेखच नाही. पण तो एका समाजाचा शब्द आहे. पुरुष म्हणून जगणाऱ्या पारलिंगी व्यक्तीला तो लागू होत नाही, आणि पाळी न आलेल्या त्या दहावीच्या मुलीला तर मुळीच नाही. 'हिजडा' हा शब्द त्या समाजातल्या व्यक्तीने स्वतःसाठी अभिमानाने वापरला, तर तो तिचा अधिकार. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२च्या मराठी आत्मकथनाच्या नावातच तो आहे. बाहेरच्याने तो हाक मारायला वापरला की लगेच दुसरा अर्थ होतो.

२०११च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांशिवाय 'इतर' हा तिसरा रकाना होता. देशात त्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. यांतील सुमारे ५५,००० सहा वर्षांपर्यंतची बालके होती. एवढ्याशा बाळांच्या ओळखीविषयी प्रगणकाला कोणी काय सांगितले असेल? रकाना शरीराचा की ओळखीचा, हे फॉर्मने सांगितलेच नव्हते. साक्षरता मात्र स्पष्ट दिसली : या रकान्यात ती सुमारे ५६ टक्के होती, देशाची ७४ टक्क्यांजवळ. शाळा सुटते कुठे, हे त्यातून कळते.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या कायद्याने शाळांना भेदभाव करण्यास मनाई केली. पण व्याख्येत पारलिंगी, आंतरलिंगी, हिजडा, जोगता हे सर्व पुन्हा एकाच मथळ्याखाली आले. रसेल-हिरालालांनाही ते ओळखीचे वाटले असते. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एनसीईआरटीने पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली. तक्रार झाली आणि काही दिवसांतच ती काढून घेतली गेली. तेव्हा या बाबतीत शिक्षकाच्या हाती काही लेखी पोचेल, यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही.

हाती भाषा मात्र आहे, आणि मराठीत ती कठीण आहे. इंग्रजीत 'मी' म्हणून बोलणाऱ्याचे लिंग वाक्यात कळत नाही. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' यांतले एक निवडावेच लागते. आमच्या वर्धा-नागपूरकडे बाई 'मी गेली' म्हणते, तेथेही तेच. पारलिंगी मुलाला हे वाक्य दिवसातून शंभरदा बोलावे लागते, आणि प्रत्येक वेळी खरे बोलायचे की खपेल तसे, हे ठरवावे लागते. पुष्कळ मुले मग 'जाऊन झालं', 'काम झालं' अशी वळणे घेत बोलतात, किंवा गप्प राहतात. वर्गात एखादे मूल असे वळण घेत असेल तर त्याला चारचौघांत दुरुस्त करू नये, कारणही विचारू नये; शरीराविषयी तर मुळीच नाही. ते एकटे असताना 'तुला कोणत्या नावाने हाक मारू?' एवढे विचारता येते. त्याने जे नाव सांगितले असेल ते घरी किंवा शिक्षकांच्या खोलीत सांगण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. दाखल-खारीज रजिस्टरातले नाव बदलायला कायदेशीर कागद लागतात. तोंडी हाकेला काही लागत नाही.