उठावाचा भास

छापील कागदावरचे एखादे अक्षर किंवा आकृती पृष्ठभागापासून वर आल्यासारखी दिसावी, यासाठी मुद्रकांनी दोन वाटा चोखाळल्या आहेत. पहिलीत नर आणि मादी अशा दोन ठशांमध्ये कागद दाबून त्याला खराखुरा उठाव दिला जातो. दुसरीत कागद सपाटच राहतो आणि वॉर्निश व प्लॅस्टिकचा पापुद्रा यांच्या चकाकीतील फरकामुळे डोळ्याला उठावाचा भास होतो. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि मिठाईचे खोके यांवर सर्रास आढळणारी ही दुसरी रीत संगणकयुगाची देणगी समजली जाते, परंतु महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिची पूर्वपीठिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मागे जाते.

राजा रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा यांनी 1894 मध्ये गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र रेखाटून शिळा ओली केली, की पाणी रिकाम्या जागी आणि छपाईची शाई केवळ रेखाटनावर धरते, हे या पद्धतीचे तत्त्व. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा वेगळी लागे आणि कागद तितक्याच वेळा यंत्रातून काढावा लागे. प्लेगच्या साथीच्या काळात हा कारखाना गिरगावातून घाटकोपरला आणि पुढे बोरघाटापलीकडे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. पुढे कर्जापायी मळवलीचा कारखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.

या कारखान्याची चित्रे 'ओलिओग्राफ' म्हणून ओळखली गेली. छापून वाळलेल्या चित्रावर वॉर्निश चढवायचे आणि कॅनव्हासच्या विणीचा पोत कोरलेल्या पृष्ठावर दाबून तो पोत कागदावर उमटवायचा, म्हणजे भिंतीवर टांगलेला कागद दुरून तैलचित्रासारखा दिसतो, अशी ही युक्ती युरोपात रुळलेली होती. अशा चित्रावर बाजूने उजेड पाडला असता तिची मेख ध्यानात येते. लक्ष्मीचा गाल, साडीचा काठ आणि मागचे पाणी या तिन्हींवरून विणीची तीच एकसारखी जाळी जाते, कारण यंत्राला चित्रात काय आहे याची गंधवार्ता नसते. चित्रकाराच्या हाताखाली रंगाचा थर कोठे जाड तर कोठे पातळ पडतो. येथे उठाव खरा असूनही तो चित्राचा नव्हता. ही उणीव गिऱ्हाइकांनी आपल्या परीने भरून काढली, असे म्हणण्यास जागा आहे: देवीच्या साडीवर आणि दागिन्यांवर जर व टिकल्या चिकटवून सजवलेल्या प्रती आजही संग्रहांत पाहावयास मिळतात, आणि त्यांतला उठाव नेमका जेथे हवा तेथेच असतो.

नेमक्या जागी चकाकी देण्याचे हे काम आता 'स्पॉट यूव्ही' करते. ऑफसेटवर छापलेल्या कागदावर प्रथम मॅट लॅमिनेशन, म्हणजे प्रकाश विखुरणारा निस्तेज प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवला जातो आणि त्यावर हव्या तेवढ्याच भागात, बहुधा स्क्रीनच्या जाळीतून, अतिनील किरणांखाली तत्काळ घट्ट होणारे वॉर्निश छापले जाते. मॅट भाग कोणत्याही कोनातून सारखाच मंद दिसतो, तर वॉर्निशचा भाग एका विशिष्ट कोनात झळकतो. पत्रिका हातात कलती केली, की झळाळी अक्षराच्या कडेवरून सरकते आणि ती कड जणू उंचवट्याची आहे असे डोळा धरून चालतो. काळ्या किंवा गर्द मरून कागदावर हा परिणाम सर्वाधिक खुलतो, पांढऱ्यावर मात्र तो जवळजवळ हरवतो, हे पत्रिका छापणाऱ्यांच्या अनुभवाचे. वॉर्निशचा थर जाड दिला तर बोटालाही उंचवटा लागतो, मग तो निव्वळ भास उरत नाही.

काम साधे दिसले तरी नाजूक आहे. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर आधी विद्युत-प्रक्रिया झालेली नसेल तर वॉर्निश त्याला धरत नाही आणि नखाने सोलून निघते. छपाई व वॉर्निश यांचा जोड केसभर चुकला तर अक्षराला दुसरी कड फुटते. बारीक अक्षरांच्या कामात तर ही चूक लपवता येतच नाही.

पापुद्रा टाळायचा असेल तर 'ड्रिप-ऑफ' नावाची रीत उपलब्ध आहे. तिच्यात निस्तेज ठेवावयाच्या भागावर आधी तेलकट मॅट वॉर्निश छापतात आणि संपूर्ण कागदावर चकचकीत वॉर्निश पसरतात. वरचे वॉर्निश खालच्या तेलकट थरावर सलग न पसरता बारीक कणांत गोळा होऊन खरखरीत होते, उरलेल्या जागी आरशासारखे गुळगुळीत राहते. तेल आणि पाणी यांच्या ज्या वितुष्टावर शिळाछाप चालत असे, त्याच जातीचे हे वितुष्ट आहे. शिवाय प्लॅस्टिक नसल्यामुळे असा कागद रद्दीतून पुन्हा लगद्यात घालणे सोपे जाते, आणि खोके बनवणाऱ्यांना ही बाजू दिसण्याइतकीच महत्त्वाची वाटू लागली आहे.