भरतपूरचं पाणी

भरतपूर म्हटलं की आपल्याला यशवंतराव होळकर आठवतात. १८०५ मध्ये ते इथे आश्रयाला होते. जनरल लेकने किल्ल्यावर चार हल्ले केले. मातीचे जाड तट आणि पाण्याने भरलेला खंदक यांपुढे चारही फसले. वीस वर्षांनी आलेल्या कंबरमियरने आधी मोती झीलचा बांध ताब्यात घेतला आणि खंदकात सुटलेलं पाणी तोडलं. जानेवारी १८२६ मध्ये किल्ला पडला.

शहराला लागूनच केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. सायकलरिक्षाने फिरताना मला सारसाची जोडी दिसली, बाभळींवर चित्रबलाकांची घरटी दिसली. ही पाणथळ जागाही माणसानेच घडवलेली. अजान बांधाचं पाणी वळवून महाराजांनी इथे शिकारीची तळी केली. व्हाइसरॉय लिनलिथगोच्या १९३८ मधल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२०० हून अधिक पक्षी पडले; तो आकडा देवळाजवळच्या दगडावर कोरलेला आहे.

पुढे बंदुका थांबल्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ मध्ये जागतिक वारसा. पण गंभीर नदीवर करौलीत पांचना धरण झालं आणि इथला प्रवाह आटला. आता चंबळहून नळाने पाणी आणावं लागतं.

पाणी तोडलं की भरतपूर पडतं, हे कंबरमियरने ओळखलं होतं. फरक इतकाच, की आज वरच्या अंगाला शत्रू नाही. शेतकरी आहे, आणि त्याचं रानही तहानलेलंच आहे. इथे मोर्चे लावून काही साधणार नाही. पाणी वाटूनच घ्यावं लागेल.