सालीचा कपडा

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रानात वसंतातल्या पहाटे रानटर्कीचा नर झाडावर बसूनच साद घालतो. शिकारी त्याआधीच अंधारात येऊन बुंध्याला पाठ टेकून बसलेला असतो. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद बघून घ्यायचा, म्हणजे माणसाची आकृती उठून दिसत नाही. आणि हलायचं नाही. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान जराशी वळवली की चहूकडचं दिसतं. शिवाय रंग तिला चांगले ओळखता येतात. हरणाला नारिंगी जाकीट सहसा खुपत नाही, टर्कीला लगेच खुपतं.

म्हणून टर्कीच्या शिकाऱ्याला रानात मिसळून जाणारा कपडा लागतो. असा भोवतालच्या रंगाचा कपडा घालून लढण्याची युक्ती आपल्याच उपखंडात रुजली. १८४०च्या दशकात पेशावरला हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या ‘गाइड्स’ पलटणीला मातकट कपडे दिले. ‘जळून खाक’ म्हणताना आपण जो खाक म्हणतो, तोच फारसी शब्द, त्यावरून खाकी. ठिपके नंतर आले. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने बेडकाच्या कातडीसारखा, एका बाजूने हिरवा नि दुसऱ्या बाजूने तपकिरी असा कपडा काढला. नक्षी नॉर्व्हेल गिलेस्पी या बागकामावर लिहिणाऱ्या माणसाची. युद्ध संपल्यावर हे कपडे शिकाऱ्यांच्या अंगावर आले.

पण टर्की वीस-तीस पावलांवर येते. एवढ्या जवळून त्या ठिपक्यांना ना साल असते ना पान. व्हर्जिनियातला जिम क्रमली तिरंदाज शिकारी. त्याने १९८०च्या सुमारास कपड्यावर सालीच्या उभ्या रेघा आणल्या. त्या नक्षीचं नाव ‘ट्रीबार्क’. १९८६ मध्ये मिसिसिपीतला टॉक्सी हास आणखी पुढे गेला. आपल्या शिकारीच्या जागेवरची माती, पानं, काटक्या त्याने पिशवीत भरल्या आणि पिशवी घेऊन थेट कापडवाल्यांकडे गेला: हे कापडावर छापून द्या. त्यातून ‘मॉसी ओक’ ही कंपनी उभी राहिली. पहिल्या नक्षीचं नाव ‘बॉटमलँड’, म्हणजे नदीकाठचं सखल रान. मला या कुळकथेतली ती पिशवी सगळ्यात मोलाची वाटते. आधीचे कपडे कुठल्याही रानात चालावेत म्हणून केलेले. हा एका ठरावीक झाडाखाली बसणाऱ्यासाठी.

या कपड्यात लाल, पांढरा, निळा मात्र चुकूनही नको. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं, आणि झाडीत लांबून दिसलेल्या लाल रुमालावर दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी सुटू शकते. हातमोजे आणि तोंडावर जाळी हवीच. उजेडात उघडी कातडी चमकते.

तरी हात उरतोच. मादीचा आवाज काढायची लाकडी पेटी वाजवायची तर हात हलणारच, आणि नर जवळ आला असेल तर तेवढं पुरे. म्हणून पुष्कळ शिकारी घोड्याच्या नालेच्या आकाराची, पातळ रबर ताणलेली चकती टाळूला चिकटवतात. जाळीआड फक्त जीभ हलते, आणि दोन्ही हात गुडघ्यावर टेकवलेल्या बंदुकीवर तसेच राहतात.