एचओ, ओओ की एन?

गेल्या वर्षी अब्बांसाठी घरात छोटी रेल्वे मांडायचे ठरवले. ते रेल्वेत फिटर होते. आजही रात्री नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखतात. पुण्यात कोथरूडचे जोशींचे मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून आलो आणि उत्साहात मिळेल ते विकत घेतले. घरी मांडतो तर डब्याशेजारी स्टेशन अवाढव्य! स्टेशन ओओ, म्हणजे 1:76 मापाचे. डबा एचओ, म्हणजे 1:87. चूक माझीच. पण मापांचा हा घोळ आला कुठून, हे शोधत बसलो.

1891 साली मेर्क्लिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत खेळण्यातल्या रुळांना क्रमांक दिले: 1, 2, 3. पुढे त्याहून लहान माप आले, त्याला 0 म्हटले; रुळांमधले अंतर 32 मिलिमीटर. टेबलावर मावेल अशी गाडी हवी, म्हणून तेही निम्मे झाले. 1935 साली न्यूरेंबर्गच्या ट्रिक्सने 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर विजेची गाडी आणली. एचओ म्हणजे हाच ‘अर्धा शून्य’. (ट्रिक्सचे श्टेफान बिंग ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना कंपनी सोडून इंग्लंड गाठावे लागले.)

ब्रिटनमधली खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा आकाराने लहान. 1:87 मध्ये त्यांच्या पोटात तेव्हाची मोटर मावेना. मग इंजिन 1:76 इतके मोठे केले आणि रूळ तेच ठेवले. हे ओओ. 1960 साली अर्नोल्ड कंपनीने 9 मिलिमीटरचे एन आणले. नऊला इंग्रजी, जर्मन, फ्रेंचमध्ये एनने सुरू होणारे शब्द आहेत. मराठीतही ‘न’च आहे की!

आपल्या गाड्यांची पंचाईत वेगळीच. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 1:87 ने भागले तर 19 मिलिमीटरहून जास्त अंतर हवे, पण एचओचे रूळ 16.5 चेच, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरवरून बेतलेले. म्हणजे भारतीय डबा एचओवर ठेवला की रूळ अरुंदच दिसणार. अब्बांना हे पहिल्याच नजरेत दिसले.

जागेचा हिशोब केला तर एन घ्यायला हवे होते. आयसीएफचा डबा एचओत साडेचोवीस सेंटीमीटर, एनमध्ये तेरा-साडेतेरा. एचओचा गोल फिरवायचा तर चार फूट रुंदीची फळी लागते, एनला दोन फूट पुरतात. आमच्या खोलीत चार फूट आणायचे कुठून? दुकानदारानेही एनच सुचवले.

एनचा एक मालडबा अब्बांच्या हातात दिला. त्यांची बोटे थरथरतात. चार वेळा प्रयत्न केला, चाके रुळावर बसेनात. मग त्यांनी तो मुकाट्याने माझ्या हातात परत दिला.

एचओच घेतले. गोल नाही, नुसती पाच फुटांची सरळ फळी, तीन रूळ, दोन सांधे आणि सहा मालडबे. अब्बा रोज असरनंतर शंटिंग करतात. स्टेशन अजून कपाटावर पडून आहे.