मार्पिंगेनची दर्शनवार्ता : अधिकार आणि अर्थ

दिनांक ३ जुलै १८७६ रोजी फ्रान्समधील लूर्द येथे मरियामातेच्या मूर्तीस पोपच्या वतीने मुकुट अर्पण करण्यात आला. त्याच दिवशी प्रशियाच्या राज्यातील मार्पिंगेन या खेड्याजवळ रानफळे वेचावयास गेलेल्या आठ वर्षांच्या तीन मुलींनी आपणांस शुभ्रवस्त्रा स्त्री दिसल्याचे सांगितले. अल्पावधीत तेथे सहस्रावधी भाविक लोटले. तथापि लूर्दला मान्यता मिळाली, मार्पिंगेनला मिळाली नाही. हा भेद उलगडण्यासाठी कथनाच्या सत्यासत्यतेबरोबरच निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती होता, हेही पाहणे अगत्याचे आहे.

लूर्द येथे १८५८ साली शासनाने गुहा बंद केली होती. परंतु तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने ती पुन्हा खुली झाली. तार्बचे बिशप लोरांस यांनी चौकशीमंडळ नेमले व १८६२ साली अनुकूल निर्णय दिला. बर्नादेत सुबिरू हिने सांगितलेले 'निष्कलंक गर्भसंभव' हे नाव नवव्या पायसने १८५४ साली घोषित केलेल्या सिद्धान्ताशी जुळणारे होते. लोकश्रद्धा व धर्मपीठ यांचा येथे मेळ बसला.

मार्पिंगेनची स्थिती याच्या नेमकी उलट होती. बिस्मार्कच्या राजवटीत कॅथलिक धर्मसंस्थेविरुद्ध संघर्ष पेटला होता. कारावास भोगलेले ट्रिअरचे बिशप एबरहार्ड मे १८७६ मध्ये निवर्तले आणि ते पीठ १८८१ पर्यंत रिक्त राहिले. चौकशी करावयाची ज्याने, तोच नव्हता. ती पोकळी शासनाने भरून काढली. १३ जुलै रोजी सैन्याने जमाव पांगविला. पुढे मुलींना आईबापांपासून दूर ठेवून त्यांच्या जबान्या घेण्यात आल्या. १८७९ साली सारब्रुकेन येथील खटल्यात सर्व आरोपी निर्दोष सुटले. फसवणुकीचा आरोप सिद्ध झाला नाही एवढेच न्यायालय सांगू शकले. दर्शनाचा अर्थ ठरविणे त्याच्या कक्षेबाहेरचे होते.

तिघींपैकी एकीने १८८९ साली आपले कथन असत्य असल्याची कबुली दिली. तरीही त्या स्थळाची भक्ती लोपली नाही. २००५ साली ट्रिअरच्या बिशपांनी घटनेचे अलौकिकत्व सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. कबुलीने मुलींच्या कथनाचा प्रश्न सुटतो. बिशपावाचून पडलेल्या धर्मप्रांतातील गावाला मरियामाता आपल्याच रानात आली असे का वाटावे, हा प्रश्न सुटत नाही. इतिहासकाराचे खरे कार्य या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.