समारंभातील खेळ : वयोगटानुसार निवड

वाढदिवस, डोहाळजेवण, हळदीकुंकू, कोजागरी, सोसायटीचा गणेशोत्सव अशा प्रसंगी जमलेल्या मंडळींसाठी घेतले जाणारे, कमी साहित्याचे आणि लवकर आटोपणारे खेळ. अशा वेळी तीन वर्षांची नात आणि पंच्याहत्तरीची आजी एकाच दिवाणखान्यात असतात. म्हणून खेळणाऱ्याला नियम किती कळतो आणि हार कितपत सोसते, हे पाहून खेळ निवडावा लागतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ साली आपले निष्कर्ष मांडले. सात-आठ वर्षांखालील मुले एकत्र दिसली तरी प्रत्येक मूल आपल्यापुरताच डाव खेळत असते. अकरा-बाराच्या सुमारास मात्र नियमांचा काथ्याकूट करण्यातच त्यांना गोडी वाटू लागते. खेळ निवडताना ही निरीक्षणे आजही उपयोगी पडतात.

अगदी लहानांसाठी महाराष्ट्रात संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान होणारे बोरन्हाण हा उत्तम नमुना आहे. मुलाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, हलवा ओतायचा आणि भोवतीच्या मुलांनी तो वेचायचा. नियम नाही, हार नाही. तीन वर्षांखालील मुले असतील तर बोरे, शेंगदाणे, गोळ्या आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे घशात अडकू शकतात, त्यामुळे मोठ्या माणसाने जवळ बसावे.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना ‘शिवाजी म्हणतो’ आणि कानगोष्टी जमतात. या वयाला सर्रास लावली जाणारी संगीतखुर्ची मात्र चुकीची निवड आहे. आठ मुले, सात खुर्च्या. गाणे थांबते आणि सर्वांत लहान किंवा बुजरे मूल पहिल्याच फेरीत बाद होते. उरलेला सगळा वेळ ते भिंतीला टेकून इतरांकडे बघत राहते. खेळाची सर्वांत जास्त गरज ज्याला, तोच बाहेर! यावर उपाय सोपा आहे. दर फेरीला खुर्ची काढावी, मूल काढू नये. शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या मांडीवर दाटीवाटीने बसावे. धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ करून खेळात ठेवायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही, ही आपल्या अंगणातली जुनी रीतही याच समजुतीची आहे.

सात ते बारा हा गट सर्वांत उत्साही. राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या, नाव-गाव-फळ-फूल, आंधळी कोशिंबीर, झब्बू, काहीही चालते. फक्त भांडणे मिटवणारा एक पंच हवा. किशोरवयीनांना सर्वांसमोर एकट्याने नाचगाणे करायला लावू नये. दमशेराज किंवा मेंढीकोटासारखे जोडीने किंवा गटाने खेळायचे खेळ त्यांना मोकळे करतात.

मोठ्यांमध्ये उखाणे आणि पैठणीचे खेळ रूढ आहेत. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणीच्या खेळांना घरोघरी नेले. धावपळीच्या फेरीत गुडघेदुखी असलेल्या किंवा गरोदर स्त्रीला आग्रह करू नये.

सर्व वयांचे लोक एकत्र असतील तर हाऊजी आणि गाण्याच्या भेंड्या यांना तोड नाही. हाऊजीच्या तिकिटावर १ ते ९० पैकी १५ आकडे असतात. आकडे ओळखणारे मूल आजोबांच्या शेजारी बसून त्यांचे तिकीट खोडू शकते. आकडा मोठ्याने, दोनदा पुकारावा. भेंड्यांत जुनी गाणी आजीला आणि नवी नातवाला येतात, त्यामुळे गट पाडताना प्रत्येक गटात सर्व पिढ्या घ्याव्यात.

धावायचे खेळ जेवणाआधी आणि बैठे खेळ जेवणानंतर घ्यावेत. सात वर्षांखालील मुलांना जिंकण्या-हरण्याचा हिशेब न करता सारखेच बक्षीस द्यावे.