टेबलावरचा रणगाडा

प्रतिकृती म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यातल्या पोरांना वेगळे शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाके लावलेले लाकडी बैल सजवून पोरे दोरीने ओढत नेतात आणि घरोघर बोजारा मागतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. लाकडी बैल नांगर ओढत नाही, पण त्याचे शिंग वाकडे झाले की पोर रुसते. लहान वस्तूही खऱ्यासारखीच हवी, हा हट्ट माणसाचा जुनाच आहे.

राजांनाही तो होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६८ पासून सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती करून घेतल्या. दरबारात बसून वेढ्याचा विचार करता यावा, हा त्यामागचा हेतू. त्यांतल्या काही आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहेत.

रणगाडा युद्धात पहिल्यांदा उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. गुपित फुटू नये म्हणून इंग्रजांनी त्याला ‘टँक’ म्हणजे पाण्याची टाकी म्हटले, आणि तेच नाव चिकटले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे रणगाडे दुरून ओळखता यावेत म्हणून सैनिकांना लहान प्रतिकृती दाखवून शिकवीत. छंद म्हणून तो घराघरांत पोचला त्याचे बरेचसे श्रेय जपानच्या तामिया कंपनीला आहे. तिची सुरुवात लाकडाच्या वखारीतून झाली. लाकडी प्रतिकृती करता करता ती प्लास्टिककडे वळली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने जर्मन ‘पँथर’ रणगाडा काढला. आत मोटार आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या हिशेबाने जो आकार ठरला, तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. पुढे तेच माप जगभर रूढ झाले.

डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले शेकडो भाग निघतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. पट्ट्यांच्या कड्या एकेक करून जोडायच्या. मग रंग. खरी परीक्षा त्यानंतर असते. पातळ काळसर रंग सांध्यांत सोडायचा, म्हणजे तेलकट मळ दिसतो. जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, म्हणजे झिजलेले लोखंड उजळते. शेवटी चाकांना चिखल.

हा चिखल म्हणजे नुसती सजावट नव्हे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पुढे सरकत होते. आपल्या फौजेने शेतांत पाणी सोडले होते. उसाच्या आड तोफा दबा धरून होत्या. पाण्याने भरलेल्या शेतात अवजड रणगाडे फसले. पावसाळ्यात काळ्या जमिनीत ज्याची बंडी फसली आहे, अशा आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही लढाई समजावून सांगावी लागणार नाही. त्या पॅटनची प्रतिकृती स्वच्छ धुतलेली असेल, तर ती खोटी आहे.

याच लढाईत १० सप्टेंबरला हवालदार अब्दुल हमीद यांना वीरमरण आले. शिंप्याच्या घरातला हा मुलगा. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर तोफेने त्यांनी एकामागून एक पॅटन निकामी केले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भाषणांमधून त्यांचे नाव येते तेव्हा रणगाड्यांचा आकडा वक्त्यागणिक बदलतो. आम्हा कवींनाही अतिशयोक्तीची सवय असतेच.

पण पॅटन आणि जीप एकाच मापात करून टेबलावर शेजारी ठेवा. तोफेच्या टोकापर्यंत पॅटन साधारण २६ सेंटीमीटर, जीप जेमतेम १० सेंटीमीटर. तो ४५ टनांच्या आसपास, ही एक-दीड टनाची. पॅटनचे समोरचे चिलखत शंभर मिलिमीटरहून जाड, म्हणजे प्रतिकृतीत तीन मिलिमीटर. त्याच मापाने जीपचा पत्रा कागदाहून पातळ भरतो. जीपवरची तोफ जवळपास जीपएवढीच लांब. ती डागली की मागून ज्वाळा आणि धुरळा उठतो आणि शत्रूला जागा कळते. म्हणून लगेच जागा बदलावी लागते. चिलखत नसलेल्या त्या जीपमध्ये बसलेली माणसे कोणत्या भरवशावर पुढे गेली असतील, ते इथे कळते. शौर्य मोठे करून सांगावे लागत नाही. प्रमाण बरोबर ठेवले, की पुरे.

युद्धात हाती लागलेले पॅटन पुढे देशभर चौकाचौकांत आणि छावण्यांत मांडले गेले. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातही पॅटन आहे. हे संग्रहालय १९९४ मध्ये उभे राहिले. प्रतिकृती करणाऱ्याने तिथे जाऊन एकदा रणगाड्याच्या पोटाशी उभे राहावे.

गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यात हा कसला छंद, असे कोणी विचारील. पण याच जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या आगीत अधिकारी, जवान आणि आग विझवणारे कर्मचारी दगावले. शस्त्रांची किंमत आपल्याला दुरून कळलेली नाही. शिवाय १९३७ मध्ये वर्ध्यातच मांडलेल्या नई तालीममध्ये हाताने काम करत शिकण्यावर भर होता. मुलाने रणगाडा जरूर करावा. मात्र झाकणातून डोके बाहेर काढलेला तो इवलासा सैनिकही त्याने तितक्याच काळजीने रंगवावा. त्या सगळ्या लोखंडात जीव असलेला तेवढाच एक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)